भीड आणि ५० बार

माझ्या सिलिंडरमधल्या हवेचा काटा ७० वर होता तेव्हाच मी सांगायला हवं होतं.

समुद्रात २२ मीटर खाली आम्ही दोघं एका कपारीसमोर थांबलो होतो. त्या दिवशीचे माझे बडी, म्हणजे पाण्याखालचे जोडीदार, वयाने आणि अनुभवाने माझ्याहून कितीतरी मोठे. बोटीवर सगळे त्यांना काका म्हणत. कपारीत एका जाडजूड वामेने जबडा उघडून धरला होता आणि लाल-पांढऱ्या अंगाची एक इवलीशी कोळंबी तिच्या दातांमधून फिरत साफसफाई करत होती. काकांनी टॉर्च शेजारच्या खडकावर रोखला होता, म्हणजे उजेड पुरेल पण झोत वामेच्या डोळ्यांत जाणार नाही. दुसरा हात पोटाशी घेतलेला. पायांतल्या फिन्स वाळूपासून हातभर वर. श्वास इतका संथ, की एकदा बुडबुडे गेले की पुढचे कधी येतील याची वाट बघावी लागे.

मी वामेकडे बघतच नव्हते. माझा डोळा हवेचा दाब बारमध्ये दाखवणाऱ्या गेजवर. ६५. ६०. ती माझी चौदावी डाईव्ह होती आणि काकांनी मोजणं केव्हाच सोडून दिलं होतं. माझी हवा आधी संपणार, माझ्यामुळे यांना हे सोडून वर यावं लागणार, या विचाराने हात उचलतच नव्हता. ५०. बोटीवर ठरलेला आकडा हाच होता. ५० दिसले की मूठ छातीशी धरून दाखवायची. मी मूठ वळली नाही. मग काकांनी वळून बघितलं, अंगठा आणि तर्जनीचं वर्तुळ करून विचारलं, ठीक? मी तसंच वर्तुळ करून सांगितलं, ठीक.

पाण्याखाली मी बोललेलं ते पहिलं खोटं.

काकांना ते पटलं नसावं. त्यांनी दोन बोटं तळहातावर टेकवून विचारलं, किती हवा? मी तीन बोटं दाखवली. ३० बार. त्यांच्या डोळ्यांत काहीही बदललं नाही. अंगठा वर केला, म्हणजे चला वर. माझ्या जॅकेटचा पट्टा एका हाताने धरला आणि आम्ही निघालो. मला वर सुटायची घाई झाली होती. तो हात मला प्रत्येक मीटरला धरून ठेवत होता. ५ मीटरवर त्यांनी आपला जादा रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरमधली हवा तोंडात देणारं उपकरण, ज्याला सगळे ऑक्टोपस म्हणतात, माझ्या हातात दिला आणि पुढची तीन मिनिटं मी त्यांच्या सिलिंडरमधली हवा घेतली.

वर आल्यावर ते रागावतील म्हणून मी तयारच होते. त्यांनी आधी कपडे बदलले, पाणी प्यायले, मग माझ्या शेजारी येऊन बसले.

“मी चिडेन असं वाटलं ना तुला?”

मी मान हलवली.

“म्हणजे माझ्याशी न बोलताच तू माझ्याबद्दल ठरवून टाकलंस. शेजारचं माणूस गुदमरलं तरी चालेल, पण याला कोळंबी बघायची आहे, असं.”

एवढंच बोलले आणि उठून गेले. ते वाक्य मला अजून टोचतं. भिडेपोटी गप्प राहिलं की समोरच्याचा मान राखला असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात आपण त्याला कोत्या मनाचा ठरवलेलं असतं, आणि त्याला विचारलेलंही नसतं.

“भीड भिकेची बहीण” ही म्हण मी तोवर पैशाच्या व्यवहारातच ऐकली होती. समोरच्याला नाही म्हणायला जीभ रेटत नाही, आणि शेवटी हात पसरायची वेळ येते. त्या दिवशी ५ मीटरवर मी अक्षरशः हात पसरून हवा घेतली होती. त्यानंतर इतक्या वर्षांत मी जेवढ्या चुका पाहिल्या, केल्या आणि सावरल्या, त्यांतल्या बहुतेकांच्या मुळाशी मला अडाणीपणापेक्षा भीड सापडली. नियम ठाऊक असतो. सांगायला धीर होत नाही.

हवेचा हिशेब तर शाळकरी आहे. १२ लिटरचं सिलिंडर २०० बारपर्यंत भरलं की त्यात सुमारे २४०० लिटर हवा असते. शांत माणूस मिनिटाला १५-२० लिटर हवा घेतो, म्हणजे जमिनीवर ती दोन तास सहज पुरेल. पण दर १० मीटरला एक वातावरणाचा दाब वाढतो आणि रेग्युलेटर भोवतालच्या दाबाइतक्याच दाबाने हवा देतो. २० मीटरवर दाब तिप्पट, म्हणून प्रत्येक श्वासाला तिप्पट हवा खर्च. दोन तासांची हवा चाळीस मिनिटांवर येते. त्यात घाबरलेला माणूस दुपटीने श्वास घेतो. गेजवरचे ५० बार म्हणजे उरलेले ६०० लिटर, आणि ते एकट्याचे नसतात. कुणाचा रेग्युलेटर बिघडला, कुणाची हवा संपली, तर त्या ६०० लिटरवर दोन माणसांनी वर यायचं असतं. मी त्या दिवशी ५० च्या खाली गेले तेव्हा काकांचाही आधार खाऊन बसले होते. त्यांना माझी गरज पडली असती, तर माझ्याकडे द्यायला काही नव्हतं.

१९८० साली सुरू झालेली डायव्हर्स अलर्ट नेटवर्क ही संस्था या खेळातल्या अपघातांची नोंद ठेवते. तिच्या अभ्यासकांनी १९९२ ते २००३ या काळातल्या ९४७ मृत्यूंची छाननी करून २००८ साली निष्कर्ष मांडले. ज्या घटनांत सुरुवात नेमकी कशाने झाली ते कळू शकलं, त्यांतल्या ४१ टक्के घटनांची सुरुवात हवा अपुरी पडण्यापासून झाली होती. शार्कपासून नाही, वादळापासून नाही. कमरेशी लोंबणाऱ्या एका काट्यापासून, जो प्रत्येकाला दिसत असतो. हा आकडा वाचला तेव्हा मला त्या कपारीसमोरची मी दिसले. त्या माणसांपैकी किती जणांनी शेवटच्या काही मिनिटांत बोटांचं वर्तुळ करून ‘ठीक’ म्हटलं असेल, हे कुठल्याही तक्त्यात येणार नाही.

म्हणून पहिला शिष्टाचार सांगण्याचा. सिलिंडर अर्ध्यावर आलं की एका हाताचा तळवा दुसऱ्या हाताच्या बोटांवर आडवा ठेवून इंग्रजी टी करायचा. कुणी विचारायची वाट बघायची नाही. आणि ज्याला अनुभव जास्त, त्याने आधी विचारायचं. नवख्याला दर पाच मिनिटांनी किती हवा विचारणं म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखवणं नाही. त्याची भीड आपण आपल्या अंगावर घेतो, इतकंच.

गुहांमध्ये उतरणारे डायव्हर आणखी कडक असतात. एक तृतीयांश हवा आत जायला, एक तृतीयांश बाहेर यायला, आणि उरलेली एक तृतीयांश अडीअडचणीला, म्हणजे बहुतेकदा दुसऱ्यासाठी. त्यांचाच आणखी एक नियम माझ्या फार आवडीचा आहे: कुणीही, कधीही, कुठल्याही कारणासाठी डाईव्ह थांबवू शकतो आणि त्याला त्याचा जाब विचारायचा नाही. अंगठा वर आला की चर्चा संपली. जमिनीवर अंगठा वर म्हणजे मस्त. पाण्यात त्याचा अर्थ एकच, वर चला. नवशिके डायव्हर आनंदाच्या भरात अंगठा दाखवतात आणि अख्खा गट वर निघतो. तेव्हा त्यांना कुणी हसू नये, कारण उद्या त्यांना तोच अंगठा खरोखर दाखवायचा असतो. आज हसलेलं त्यांना उद्या आठवेल.

बोटीवरची भीड वेगळ्या रूपात येते. कुणीतरी जाणता मदतीला धावतो, न विचारता दुसऱ्याच्या सिलिंडरची झडप फिरवून बघतो, पाठीवर थाप मारतो आणि पुढे जातो. आपण अवघडून काही बोलत नाही. एकदा माझं सिलिंडर असंच कुणीतरी “तपासून” गेलं. मला आधीच्या प्रशिक्षकांनी लावलेली एक सवय होती: उडी मारण्याआधी गेजकडे बघत रेग्युलेटरमधून चार मोठे श्वास घ्यायचे. पहिल्या श्वासाला काटा २०० वरून झटक्यात १४० वर आला आणि परत हळूहळू चढला. दुसऱ्याला तसाच. झडप जवळजवळ बंद झाली होती. वर, बोटीच्या काठावर, त्या फटीतून येणारी हवा मला पुरत होती. १५ मीटरवर ती पुरली नसती. काटा स्थिर राहिला तर झडप पूर्ण उघडी, प्रत्येक श्वासाला मान टाकत असेल तर नाही. ही चार श्वासांची तपासणी एवढी सोपी आहे, तरी मागचा खोळंबला आहे म्हणून ती गाळली जाते. खोळंबू दे. आणि दुसऱ्याच्या उपकरणाला हात लावायचा असेल तर आधी विचारावं, लावल्यावर काय केलं ते सांगावं. आपला श्वास ज्या झडपेवर आहे तिला कुणीही न विचारता हात लावू नये, हे स्पष्ट बोलून दाखवायला मला दोन वर्षं लागली.

बाकी बोटीवरच्या रीतींबद्दल फार लिहीत नाही, त्या कुठल्याही सामायिक जागेच्या रीती आहेत. वेळेवर यावं, आपलं सामान आपल्या जागेत ठेवावं, सिलिंडर कधीही नुसतं उभं सोडू नये, कॅमेरे धुवायच्या टबात मास्क आणि बूट बुडवू नयेत, शिडीवर कुणी चढत असेल तर त्याच्या खाली तरंगत राहू नये कारण वरून माणूस आणि सिलिंडर दोन्ही येऊ शकतं. आणि ब्रीफिंग चालू असताना गप्पा मारू नयेत. ती जागा तुम्हाला पाठ असेल, शेजारच्याला नसते.

आता प्रवाळांविषयी, कारण तिथे भीड दाखवायला समोर माणूसच नसतो आणि आपली खरी वागणूक तिथे दिसते.

माझ्या सुरुवातीच्या डाईव्हमधली ही गोष्ट. मी एका मोठ्या खडकावरून पुढे सरकले आणि मागे काहीतरी अडखळल्यासारखं झालं. वळून बघितलं तर वाळूवर माझ्या करंगळीएवढी एक फांदी पडली होती. तपकिरी, टोकाशी फिकट जांभळी. तुटलेला भाग पांढराशुभ्र होता, इतका कोरा की पहिल्यांदा मला तो खडूचा तुकडाच वाटला. फांदीच्या अंगावर सुईच्या टोकाएवढी छिद्रं आणि प्रत्येक छिद्रात एकेक जीव आत आकसून बसलेला. मी ती उचलून परत जागेवर ठेवायचा प्रयत्न केला. फिन हलवली आणि वाळूचा ढग उठून बाकीच्या फांद्यांवर बसला. ते बघून मी हात आखडले आणि तिथून बाजूला झाले.

फांद्यांचे प्रवाळ तरी त्या मानाने लवकर वाढतात. गोलसर, दगडासारखे दिसणारे प्रवाळ वर्षाला जेमतेम १ सेंटीमीटरच्या आसपास वाढतात. माणसाच्या मिठीत मावेल एवढा गोळा हा कैक दशकांचा ऐवज असतो. त्याचा जिवंत भाग म्हणजे वरचा पातळ पापुद्रा. खाली नुसता चुनखडीचा सांगाडा. हात टेकला, गुडघा टेकला, की तो पापुद्राच दुखावतो. उडवलेली वाळू अंगावर बसली तर ती झटकायला त्या जिवांना चिकट स्राव करावा लागतो, त्यात त्यांची शक्ती जाते. त्या फांदीला मी जाणूनबुजून हात लावला नव्हता, हे खरं. पण फिन्स घातल्या की आपलं शरीर अर्धा मीटर लांब होतं आणि ते लांबलेलं टोक आपल्याला दिसत नाही. शिवाय मास्कच्या काचेतून सगळं एक चतुर्थांश जवळ आणि एक तृतीयांश मोठं दिसतं. अंदाज दोन्हीकडून चुकतो.

माझी चूक मात्र फिनमध्ये नव्हती, कमरेला होती. मी २ किलो शिसं जास्त लावलं होतं. पहिल्या दिवशी खाली जायला त्रास झाला म्हणून कुणीतरी दोन वजनं वाढवून दिली, आणि ती तशीच राहिली. काढायला सांगायचं म्हणजे परत सगळ्यांना थांबवायचं! जास्त वजन घेतलेला डायव्हर बुडतो, म्हणून जॅकेटमध्ये जास्त हवा भरतो. हवा छातीशी, शिसं कमरेशी, त्यामुळे डोकं वर आणि पाय खाली असा तिरका होतो. आणि मग प्रत्येक फटका थेट तळावर. आडवं तरंगता येणं ही कसरत दाखवायची गोष्ट नाही, ते तिथल्या घराच्या उंबऱ्यावर पाय न देण्यासारखं आहे. वजनाची परीक्षा पाण्याच्या पृष्ठभागावरच होते: जॅकेट रिकामं करायचं, नेहमीचा श्वास घेऊन थांबायचं, पाणी डोळ्यांच्या रेषेत आलं पाहिजे आणि श्वास सोडला की हळू खाली जायला पाहिजे. परीक्षा सिलिंडर जवळजवळ रिकामं असताना केलेली बरी, कारण भरलेल्या सिलिंडरमधल्या नुसत्या हवेचंच वजन तीन किलोच्या घरात असतं. ती वापरली गेली की शेवटी आपण हलके होतो, नेमकं ५ मीटरवर थांबायचं असतं तेव्हा. मी ती परीक्षा केली, २ किलो काढले, आणि पुढच्या डाईव्हला पहिल्यांदा माझ्या पायांखाली वाळू शांत राहिली. हवाही १० मिनिटं जास्त पुरली.

लोंबणारा गेज, लोंबणारा ऑक्टोपस, हेही प्रवाळांमधून नांगरासारखे ओढले जातात. क्लिप लावून अंगाशी घ्यावेत. त्याला दोन सेकंद लागतात.

प्राण्यांबाबत मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं ते कासवांचं. कासव हवा घेणारा प्राणी आहे. ते खालून वर निघतं तेव्हा त्याला श्वास हवा असतो. मी सहा जणांना एका कासवाभोवती कडं करताना पाहिलंय, कॅमेरे पुढे, वरचा रस्ता बंद. ते दोनदा वळलं, तिसऱ्यांदा खाली गेलं. हवा अपुरी पडणं म्हणजे काय हे ज्यांना शिकवलेलं असतं, त्यांच्याकडून हे व्हावं! कासवाच्या बाजूने, त्याच्याच दिशेने, अंतर ठेवून पोहलं तर ते आपल्याला बराच वेळ सोबत राहू देतं. केंड माशाला डिवचून फुगवतात आणि फोटो काढतात. तो फुगणं हा त्याचा शेवटचा उपाय असतो; त्यात तो दमतो, आणि नंतर खराच शत्रू आला तर त्याच्याकडे काय उरणार? रिकामा दिसणारा शंख उचलून खिशात घालणाऱ्यांनाही मी आता सांगते की तो कुठल्यातरी खेकड्याचं पुढचं घर आहे. बुडालेल्या जहाजावरून कपबशी किंवा पितळी खिळा उचलून आणणं तसंच. युनेस्कोने पाण्याखालच्या वारशासाठी २००१ साली स्वतंत्र करार केला; पण कराराचं राहू द्या, अनेक जहाजं बुडताना त्यांच्यात माणसं होती, एवढं आठवलं तरी हात मागे येतो.

फोटो काढणाऱ्यांशी माझं भांडण नाही, मीही काढते. पण रांग असते. दोन-चार फोटो झाले की बाजूला व्हावं, मागे वाट बघणाऱ्यालाही श्वास मोजूनच मिळालेत. आणि एका हाताने प्रवाळ पकडून काढलेला फोटो कितीही सुंदर आला तरी तो दाखवू नये असं माझं स्पष्ट मत आहे. दर माशामागे सिलिंडरवर टणटण वाजवणंही टाळावं. पाण्यात आवाज हवेपेक्षा चौपटीहून जास्त वेगाने जातो, त्यामुळे तो कुठून आला ते कानांना कळत नाही. सगळे गरगर मान फिरवतात. खऱ्या संकटात तोच आवाज आपली शेवटची हाक असते. ती साध्या माशावर खर्च करू नये.

वर येण्याबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं. रॉबर्ट बॉइलने १६६२ साली दाब आणि आकारमानाचा नियम मांडला: दाब निम्मा झाला की वायूचं आकारमान दुप्पट. १६७० साली त्याने एका सापाभोवतालचा हवेचा दाब यंत्राने कमी केला आणि सापाच्या डोळ्यात एक बुडबुडा सरकताना पाहिला. डायव्हरला जे होऊ शकतं त्याची ही पहिली नोंद. १० मीटरवरून श्वास रोखून वर आलं तर छातीतली हवा दुप्पट व्हायला बघते आणि फुप्फुस तेवढं फाकत नाही. म्हणून श्वास कधीही रोखायचा नाही, मीटर-दीड मीटरच्या फरकातही नाही. दुसरं, दाबाखाली रक्तात आणि पेशींत विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ मागतो. जॉन हॉल्डेन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी बकऱ्यांवर प्रयोग करून १९०८ साली टप्प्याटप्प्याने वर येण्याची पहिली शास्त्रीय कोष्टकं दिली. १९४३ मध्ये कुस्तो आणि गान्यां यांचा रेग्युलेटर आला आणि पाण्याखालचा श्वास सगळ्यांच्या आवाक्यात आला, पण सावकाशीचा नियम तोच राहिला. मिनिटाला ९ मीटरहून जास्त वेग नको, ५ मीटरवर तीन मिनिटं थांबणं, एक डाईव्ह केली असेल तर विमानात बसण्यापूर्वी किमान १२ तास आणि रोज डाईव्ह केल्या असतील तर १८.

त्या तीन मिनिटांतही भीड आड येते. बाकीचे वर गेले, बोट थांबली आहे, मी एकटीच कशाला लटकत राहू? काकांनी त्या दिवशी मला ३० बारवरसुद्धा तिथे थांबवलं, कारण त्यांच्या पाठीवर आमच्या दोघांपुरती हवा होती. दोराला धरून आम्ही समोरासमोर लोंबकळत होतो. त्यांनी घड्याळ माझ्याकडे फिरवून धरलं होतं, म्हणजे मला सेकंद दिसावेत.

गेल्या हंगामात माझ्याबरोबर एक मुलगी होती, नुकतंच प्रशिक्षण संपवलेली. बोटीवर मी तिला सांगितलं की तुझी हवा माझ्याआधी संपेल, सुरुवातीला सगळ्यांची संपते, तू ५० ला मूठ दाखवायचीस. आणि काहीही खटकलं तर अंगठा. ती हो म्हणाली. पण मीही तिच्या वयात हो म्हटलं होतं, त्यामुळे मी तिच्यावर नजर ठेवून होते. पहिल्या १० मीटरमध्ये दाब दुप्पट होतो, कानांना सगळ्यात जास्त त्रास तिथेच. दुखायला लागण्याआधीच, दर मीटरला नाक दाबून कान मोकळे करावे लागतात. दुखेपर्यंत थांबलं की आतली नळी मिटून बसते आणि मग जोर लावणं घातक. सर्दी असेल तर उतरूच नये.

४ मीटरवर ती थांबली. तळहात आडवा करून हलवला, काहीतरी ठीक नाही. मग बोट कानाकडे. आम्ही मीटरभर वर आलो, तिने पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा खाली, पुन्हा तेच. खाली निळ्यात बाकीचे सहा जण लहान लहान होत चालले होते. तिने एकदा त्यांच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मास्कच्या आत तिचे डोळे भरल्यासारखे वाटले, पण पाण्यात ते सांगता येत नाही. मग तिने अंगठा वर केला.

मी अंगठा वर केला. गाइडला खूण करून आम्ही वर आलो.

बोटीवर सामान उतरवून झाल्यावर ती बराच वेळ फिन्सचे पट्टे नीट करत राहिली.

“ताई, सॉरी. माझ्यामुळे तुमची डाईव्ह गेली.”

“अगं, कान कसा आहे आता?”

“बरा आहे. थोडासा दडा बसलाय.”

“जांभई दे. आज परत उतरायचं नाही.”

ती माझ्या शेजारी येऊन बसली. बोटीपासून थोड्या अंतरावर खालच्या सहा जणांचे बुडबुडे वर येऊन फुटत होते. कुठला कुणाचा ते ओळखायचा प्रयत्न करत आम्ही दोघी बसून राहिलो.